अंधारात पास झालेलं सर्टिफिकेट

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात रंग, रसायनं, औषधं, सौंदर्यप्रसाधनं बनवणारे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत, आणि त्यांचा माल तपासून देणाऱ्या लॅबही. एखादा पदार्थ जिवंत पेशींना मारतो का, हे बघायची नेहमीची पद्धत ठरलेली आहे. आयएसओ १०९९३-५ हे तिचं मानक. मुळात ते वैद्यकीय उपकरणांसाठी केलेलं, पण हल्ली त्याचा कागद कशाकशाला जोडला जातो. पदार्थाचा अर्क काढायचा, प्लेटमध्ये वाढवलेल्या पेशींवर घालायचा, प्लेट दिवसभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची आणि मग किती पेशी जगल्या ते मोजायचं. ७० टक्क्यांहून कमी जगल्या तर नापास. (पेशी बहुतेक वेळा उंदराच्या असतात, पण तो वेगळा विषय.) इन्क्युबेटरच्या आत ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, दमट हवा. आणि मिट्ट काळोख.

बहुतेक पदार्थांना या काळोखाने काही फरक पडत नाही. काही पदार्थ मात्र असे आहेत, की त्यांच्यात जे काही घडायचं ते प्रकाश पडल्यावरच घडतं. टायटॅनियम डायऑक्साइडचे आणि झिंक ऑक्साइडचे नॅनोकण (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कितीतरी बारीक कण), कॅडमियमचे क्वांटम डॉट म्हणजे प्रकाशात चमकणारे तसेच बारीक स्फटिक, प्रकाशाने तापणारे सोन्याचे कण. यांची परीक्षा अंधारात घ्यायची आणि ‘मानवी पेशींना सुरक्षित’ असा शेरा मारायचा, हे मला फसवणुकीच्या फार जवळ जाणारं वाटतं. असा शेरा ग्राहकाने, सोसायटीने, महापालिकेने आणि सरकारी यंत्रणेने मान्य करू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे भर दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सर्वांत वरची पायरी आहे.

टायटॅनियम डायऑक्साइडचंच घेऊ, कारण तो सगळीकडे आहे. भिंतीच्या रंगात, टूथपेस्टमध्ये, गोळ्यांच्या पांढऱ्या वेष्टनात, सनस्क्रीनमध्ये. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवलं, की या पांढऱ्या पदार्थावर अतिनील प्रकाश पडला की तो पाण्याचं विघटन करू शकतो. त्याचा ॲनाटेज नावाचा स्फटिक ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. त्या धक्क्याने त्यातला इलेक्ट्रॉन जागा सोडतो, मागे धनभारित पोकळी उरते, आणि दोन्ही पृष्ठभागावर येऊन भोवतालच्या पाण्याशी आणि ऑक्सिजनशी झटापट करतात. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं तयार होतात. ही मूलकं समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात: मेद, प्रथिन, डीएनए, काहीही. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. सुमारे २० नॅनोमीटरच्या कणांची एक ग्रॅम पूड घेतली तर तिचा एकूण पृष्ठभाग ५० चौरस मीटरच्या आसपास भरतो, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या वन बीएचकेच्या कार्पेट एरियाहून जास्त. हे सगळं क्षेत्रफळ रासायनिक कामाला मोकळं.

पेशींवर याचा काय परिणाम होतो, हेही तीस वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. १९९२ मध्ये फुजिशिमांच्याच गटाने हेला पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींवर, हे कण घालून अतिनील प्रकाश सोडला. पेशी मेल्या. १९९७ मध्ये डनफर्ड आणि सहकाऱ्यांनी बाजारातल्या सनस्क्रीनमधून काढलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून मानवी पेशींच्या डीएनएला इजा होते, असं दाखवलं. त्या निबंधावरून किती तरी भीतीदायक लेख लिहिले गेले. मला त्या भीतीची बाजू घ्यायची नाही.

कारण इथे अंतराला फार महत्त्व आहे. हायड्रॉक्सिल मूलकाचं आयुष्य पेशीच्या आत नॅनोसेकंदांत मोजावं लागतं. जिथे जन्मलं तिथून काही नॅनोमीटरच्या आत ते कुणावर तरी आदळून संपतं. म्हणजे कण पेशीला चिकटलेला किंवा पेशीच्या आत असेल तरच त्याची झळ पेशीला लागते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा आहे, साधारण १० ते २० मायक्रॉन जाडीचा. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकांनी सनस्क्रीनमधल्या नॅनोकणांवरचं संशोधन पुन्हा पुन्हा तपासलं आणि निष्कर्ष तोच निघाला, की धडधाकट त्वचेवर लावलेले हे कण त्या मृत थरातच अडकतात, खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोचत नाहीत. शिवाय बऱ्या सनस्क्रीनमध्ये रूटाइल नावाचा शांत स्फटिक वापरतात आणि त्याच्यावर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा थर चढवतात, म्हणजे प्रकाश शोषला तरी मूलकं बाहेर पडत नाहीत. उन्हात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या ट्रॅफिक हवालदाराने नॅनोच्या भीतीने सनस्क्रीन सोडलं, तर त्यात त्याचाच तोटा आहे.

पण ‘बऱ्या’ सनस्क्रीनमध्ये, हे मी मुद्दाम म्हटलं. ऑस्ट्रेलियातच एक गंमत झाली. रंगवलेल्या पोलादी पत्र्यांची छपरं बसवल्यावर काही ठिकाणचा रंग विचित्र डागांच्या आकारात लवकर फिका पडायला लागला. नीट बघितलं तर ते कामगारांच्या हाताबोटांचे ठसे होते. अंगाला लावलेलं सनस्क्रीन पत्र्याला लागलं होतं, आणि काही क्रीममधल्या टायटॅनियम डायऑक्साइडने उन्हात रंगातलं रेझिन खाऊन टाकलं होतं. २००८ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. माणसांच्या कातडीला त्याने काय केलं, हे या ठशांवरून सांगता येत नाही, तसं सांगूही नये. त्यांवरून कळतं ते वेगळंच: डब्यावर एकच रासायनिक नाव छापलेलं असताना आतला पदार्थ पूर्ण शांत असू शकतो किंवा उन्हात भलताच तापट. ॲनाटेज की रूटाइल, थर चढवलेला की उघडा, कण केवढा, हे कळल्याशिवाय नावाला अर्थ नाही.

युरोपात २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनाच्या घटकांच्या यादीत नॅनो स्वरूपातल्या घटकापुढे तसं छापावं लागतं. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत घटकांची यादी आहे, कणाच्या आकाराबद्दल असं बंधन नाही. त्यामुळे निर्यातीच्या डब्यावर एक माहिती आणि नाक्यावरच्या मेडिकलमध्ये विकल्या जाणाऱ्या डब्यावर दुसरी, असं घडायला कायद्याची आडकाठी नाही.

सनस्क्रीनपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती कोविडनंतर ठिकठिकाणी दिसू लागलेल्या फवारणीच्या कोटिंगची. आमच्या सोसायटीतही एक विक्रेता आला होता. लिफ्ट, जिन्याचे कठडे, टेरेसवरचा पाण्याच्या टाक्यांचा बाहेरचा भाग, सगळ्याला ‘प्रकाशात काम करणारं नॅनो कोटिंग’ मारून देतो म्हणाला. मीटिंगमध्ये त्याने दोनच वाक्यं फिरवून फिरवून सांगितली: ९९ टक्क्यांहून जास्त जंतू मरतात, आणि माणसाला शंभर टक्के सेफ. मी सर्टिफिकेट मागितलं. त्याने मोबाइलवर पीडीएफ उघडून दाखवलं. आयएसओ १०९९३-५, अर्क पद्धत, २४ तास, पास.

“यात दिवा कुठला लावला होता?” मी विचारलं.

“दिवा? मॅडम, ही लॅब टेस्ट आहे.”

“तुमचं कोटिंग प्रकाशात काम करतं ना? मग टेस्ट प्रकाशात नको?”

सेक्रेटरी काका म्हणाले, “ताई, पास लिहिलंय ना खाली, मग झालं की.” दोघांचंही चूक नव्हतं. विक्रेत्याला जो कागद दिला होता तो त्याने दाखवला, आणि काकांना कागदावर जे दिसलं ते त्यांनी वाचलं.

पण त्याच्या त्या दोन वाक्यांकडे जरा नीट बघा. मूलकांना जंतू कोणता आणि माणसाची पेशी कोणती, हे ओळखता येत नाही. जे जंतूच्या आवरणातला मेद जाळतं, ते आपल्या पेशीच्या आवरणातलाही जाळणारच. आपण वाचतो ते मृत त्वचेच्या थरामुळे आणि अंतरामुळे. आणि लिफ्टमध्ये मुळात एलईडीचा दिवा असतो, ज्याच्या प्रकाशात ३८८ नॅनोमीटरच्या खालचं जवळजवळ काही नसतं. म्हणजे साधं ॲनाटेज तिथे झोपलेलंच राहणार, ना जंतूंना त्रास ना माणसांना. ते दृश्य प्रकाशात चालावं म्हणून त्यात नायट्रोजन मिसळण्याचा मार्ग २००१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला. व्यवहारात बऱ्याचदा चांदी किंवा तांबं मिसळतात, आणि या धातूंचे आयन प्रकाश नसतानाही जंतू मारतात. मग लिफ्टमध्ये काम नक्की कोण करतंय, आणि सुरक्षिततेची चाचणी कुणाची झाली? पीडीएफमध्ये यातलं अवाक्षर नव्हतं.

टेरेसवर मात्र ऊन होतं, आणि ते कोटिंग तिथे जागं होतं. नमुन्याची फवारणी करायला त्याचा पोरगा वर गेला तेव्हा मीही गेले. वीस-एकवीस वर्षांचा असेल. अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, मास्क हनुवटीवर, हातात बागेत औषध मारायचा पंप. वाऱ्याने उलटलेला फवारा त्याच्या कोपरापासून मनगटापर्यंत बसला होता आणि उन्हात वाळून त्याची पांढुरकी साय झाली होती. सिमेंटचं काम करणाऱ्यांच्या हातांना असतात तशा बारीक भेगा त्याच्या बोटांच्या पेरांवर होत्या. धडधाकट त्वचेबद्दलचा ऑस्ट्रेलियाचा निष्कर्ष या बोटांना जसाच्या तसा लावता येत नाही. आणि नाकातोंडात जे जात होतं त्याचा हिशेब वेगळाच. युरोपच्या वैज्ञानिक समितीने २५ टक्क्यांपर्यंत नॅनो टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या सनस्क्रीनला त्वचेवर लावायला हरकत घेतली नाही, पण फुप्फुसात जाईल अशा फवाऱ्याच्या रूपात ते नको, असं स्पष्ट म्हटलं आहे.

फुप्फुसाचा विषय निघालाच आहे तर एक गल्लत दूर करायला हवी. छातीच्या आत अंधार असतो, त्यामुळे तिथे प्रकाश-उत्प्रेरणाचा, म्हणजे प्रकाशाने मूलकं तयार होण्याचा, प्रश्न येत नाही. श्वासातून गेलेल्या बारीक कणांचा त्रास वेगळ्या वाटेने होतो, साठत जाणारे कण आणि त्यातून येणारी दीर्घकाळची सूज. उंदरांवरच्या अशाच अभ्यासांमुळे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टायटॅनियम डायऑक्साइडला २बी, म्हणजे ‘माणसात कर्करोग करण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं. अमेरिकेच्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०११ मध्ये कामगारांसाठी हवेतली मर्यादा सुचवली तेव्हा साध्या बारीक कणांना घनमीटरला २.४ मिलिग्रॅम आणि अतिसूक्ष्म कणांना ०.३ मिलिग्रॅम, असे दोन वेगळे आकडे दिले. पदार्थ एकच, मर्यादेत आठ पटींचा फरक. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे हवेतल्या रसायनांच्या मर्यादांच्या यादीत, नॅनो असा वर्गच नव्हता. खाण्यातल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर युरोपने २०२२ मध्ये बंदी घातली ती डीएनएला इजा होत नाही अशी खात्री देता येत नाही म्हणून. पोटातही अंधारच, त्यामुळे ते भांडणही इथे नको. हे तीन धोके एकाच चर्चेत ढवळले की कुणीही कुणालाही गप्प करू शकतं, आणि विक्रेत्याला नेमकं तेच सोयीचं असतं.

प्रकाशातली चाचणी अस्तित्वात नाही म्हणावं तर तसंही नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेची ४३२ क्रमांकाची पद्धत २००४ पासून आहे. तिच्यात पेशींच्या दोन प्लेट घेतात. दोन्हींत तोच पदार्थ, त्याच चढत्या मात्रांत. एक प्लेट अंधारात, दुसरी दिव्याखाली, ५० मिनिटं, चौरस सेंटिमीटरला ५ ज्यूल इतका अतिनील-ए प्रकाश मिळेपर्यंत. मग न्यूट्रल रेड नावाचा रंग देतात. जिवंत पेशी तो धरून ठेवतात, मेलेल्यांना धरता येत नाही. निम्म्या पेशी मारायला अंधारात लागलेली मात्रा प्रकाशात लागलेल्या मात्रेच्या ५ पटींहून जास्त निघाली तर पदार्थ प्रकाशात विषारी ठरतो. दिव्याचा हा सगळा अतिनील-ए प्रकाश आपल्या मे महिन्यातल्या भर दुपारी पाऊण तास नव्हे, पाव तास किंवा थोड्या जास्त वेळात अंगावर पडतो. म्हणजे चाचणी काही अघोरी नाही. बस स्टॉपवर बस येईपर्यंत उभं राहण्याइतकी आहे.

नॅनोकणांना ही पद्धत जशीच्या तशी लावताना अडचणी येतात, हे कबूल करायला हवं. ती विरघळणाऱ्या रसायनांसाठी बेतलेली आहे. कण तळाशी बसतात, गुठळ्या होतात, रंग शोषून घेऊन मोजणीत घोळ करतात. पेशींच्या गुलाबी पोषकद्रवात रायबोफ्लेविन असतं, आणि तो द्रव दिव्याखाली ठेवला तर त्यातूनच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, म्हणून आधी द्रव बदलून साधं क्षारद्रावण घालावं लागतं. हे लॅबमधल्या प्रत्येक हुशार तंत्रज्ञाला ठाऊक असतं. कणाविना दिवा, दिव्याविना कण, दोन्ही नसलेली प्लेट, असे नियंत्रण प्रयोग ठेवले की बराचसा घोळ पकडता येतो. काम किचकट आहे, अशक्य नाही. आणि पदार्थ नवा असतानाच तपासून भागत नाही. २००४ मध्ये डर्फस, चॅन आणि भाटिया यांनी कॅडमियम सेलेनाइडच्या क्वांटम डॉटवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की हवेत किंवा अतिनील प्रकाशात राहिलेल्या कणांमधून कॅडमियम सुटतं आणि यकृताच्या पेशी मारतं. झिंक सल्फाइडचं कवच घातलं की ते बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही. कोटिंगचंही तसंच आहे. उघडं ॲनाटेज स्वतःला धरून ठेवणारं सेंद्रिय बाइंडर उन्हात खात जातं आणि वर भुकटी सुटते. दोन पावसाळे-उन्हाळे खाल्लेल्या कोटिंगची भुकटी तपासलेली मला कुठे दाखवाल का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारून बघण्यासारखा आहे.

औषधांच्या बाबतीत गोष्ट उलटी होते. तिथे पेशी मारणं हाच हेतू असतो. प्रकाशाने जागं होणारं औषध द्यायचं आणि गाठीवर लाल प्रकाश टाकून फक्त तिथल्या पेशी मारायच्या, या उपचारातलं फोटोफ्रिन हे औषध कॅनडात १९९३ मध्ये आणि अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. ते नॅनोकण नाही, पण धडा तोच. ते घेतलेल्या रुग्णाला निदान ३० दिवस ऊन आणि प्रखर दिवे टाळावे लागतात, कारण औषध कातडीतही शिल्लक असतं. खारघरच्या कर्करोग केंद्रातून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परतणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत या ३० दिवसांचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. नॅनोकणांतून औषध थेट गाठीत नेलं तर हा त्रास कमी होईल, अशी आशा आहे आणि ती खोटी नाही. पण मग कण अंधारात किती विषारी आणि प्रकाशात किती, हे दोन आकडे रुग्णाला वेगवेगळे कळले पाहिजेत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, हे चांगलं झालं. कोटिंग आणि क्रीम त्यांच्या कक्षेबाहेर आहेत.

प्रकाशात जागी होणारी औषधं आपल्याला नवी आहेत, असंही नाही. कोडावर बावचीचा लेप लावून उन्हात बसायला सांगणारे वैद्य आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होते. बावचीत सोरॅलेन असतं. अंधारात ते डीएनएच्या दोन धाग्यांत नुसतं शिरून बसतं. अतिनील-ए प्रकाश पडला की धाग्यांना जखडून टाकतं. ऊन जास्त झालं तर फोड येतात, हे वैद्यालाही माहीत होतं, म्हणून वेळ बेताची. याच जातीचं मेथॉक्सिसोरॅलेन आणि कृत्रिम दिवा वापरून १९७४ मध्ये अमेरिकेत सोरायसिसवरचा उपचार सुरू झाला. पाचच वर्षांत, १९७९ मध्ये, त्या रुग्णांमध्ये त्वचेचा कर्करोग वाढल्याचं छापून आलं. ते कळलं कसं? सुरुवातीपासून सुमारे १४०० रुग्णांची नोंद ठेवून त्यांचा पाठपुरावा केला होता म्हणून. उपचार बंद झाला नाही, पण मात्रा मोजली जाऊ लागली. नोंदवही ठेवलीच नसती, तर ते सगळे कर्करोग वयावर आणि नशिबावर ढकलले गेले असते. ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही बावचीचे फोड आठवावेत. नॅनो-हळदीच्या कॅप्सूल आणि लेप विकणाऱ्यांना हे विशेष लागू आहे, कारण प्रकाश पडला की हळदीतल्या कर्क्युमिनमध्येही रासायनिक बदल होतात. हळदीचा डाग पडलेला कपडा धुऊन उन्हात टाकायचा, हे आपल्या घरातल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही.

यावर उद्योगाकडून येणारं उत्तर मला ठाऊक आहे. लहान कारखान्यांना दुप्पट चाचण्या परवडत नाहीत, आणि असले नियम केले की काम गुजरातेत जातं. पहिल्या भागात तथ्य आहे. म्हणून सगळ्यांना सरसकट हा नियम लावा, असं मी म्हणत नाही. ज्याच्या जाहिरातीत ‘प्रकाशात काम करतं’ असं लिहिलंय, त्यालाच लावा. प्रकाशाचा फायदा सांगून पैसे घेणाऱ्याने प्रकाशातला तोटाही मोजावा, यात अन्याय कसला? ज्याच्या कणावर नीट कवच आहे त्याला ही चाचणी उलट फायद्याची आहे, कारण आज त्याचा चांगला माल आणि शेजारच्या गाळ्यातला उघडा ॲनाटेज एकाच नावाने, एकाच कागदावर विकला जातो.

नवी मुंबईत स्वच्छता सर्वेक्षणाच्या निमित्ताने भिंती आणि पुलांचे खांब वर्षानुवर्षं रंगवले जातात. ‘हवा शुद्ध करणारा’ रंग हा त्यापुढचा मोह आहे आणि तो कुणा ना कुणा अधिकाऱ्याच्या टेबलावर येणारच. पुलाखाली ऊन पोचत नाही, त्यामुळे तिथे तो रंग केवळ महाग ठरेल. पाम बीच रोडच्या उघड्या भिंतीवर तो खरंच काम करेल, आणि तिथे खरवडून पुन्हा रंगवणारा माणूस उघड्या हातांनी भर उन्हात उभा असेल. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी अशा मालाच्या निविदेत कणाचा स्फटिक, आकार आणि कवच विचारावं, फवारणाऱ्याला आणि खरवडणाऱ्याला मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे देण्याची अट घालावी, आणि ‘पेशी-सुरक्षित’ असा रकाना असेलच तर त्याच्यापुढे चाचणीत वापरलेल्या दिव्याची तीव्रता आणि वेळ लिहायला जागा ठेवावी. ती जागा कोरी सोडणारी निविदा तिथेच बाद करता येईल.